रविवारचा जांभळा

आमच्या घरात आण्णांची उशी वेगळी असे. आण्णा, म्हणजे माझे वडील, रंगाच्या कंपनीत होते. कापडाला लागणाऱ्या रंगांची पूड तिथे तयार होई आणि ती त्यांच्या नखांत, केसांच्या मुळांत, कानांच्या घड्यांत जाऊन बसे. कंपनीतल्या नळाखाली साबणाची वडी झिजवून ते घरी येत, तरी झोपेत घाम आला की आतला रंग बाहेर पडे आणि सकाळी उशीवर त्यांच्या डोक्याची जागा पिवळी दिसे, कधी गुलाबी. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवी आणि बादलीत वाकून सांगे, "काल निळ्यावर हुते वाटतं." जेवताना ते आमच्या ताटाला कधी हात लावत नसत. भाकरी मोडून द्यायची असेल तर आईला हाक मारत. लहानपणी मला तो त्यांचा बडेजाव वाटे. फार उशिरा लक्षात आलं, की ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटत आणि ते आमच्या पोटात जाऊ नयेत म्हणून ते हात आखडून बसत.

कंपनी उभी राहिली त्या जमिनीत आमचाही एक तुकडा होता. तो गेला आणि त्याच्या बदल्यात आण्णांना नोकरी लागली. त्यामुळे आमच्या घरी शेतीची भाषा होती आणि वेळ मात्र भोंग्याची होती. भोंगा झाला की आई तवा चुलीवर चढवी, दुसरा झाला की डबा बांधी. आमच्या शेजारची पट्टी सोनाआत्येची. ती अगदी पवना नदीच्या काठाला असल्यामुळे सरकारच्या नकाशातून सुटली. सोनाआत्या काही माझी सख्खी आत्या नव्हे. तिला भाऊ नव्हता, आण्णांना बहीण नव्हती आणि दोघांचा बांध एक होता. लग्न होऊन ती गावात आली त्या पहिल्याच दिवाळीला तिने भाऊबीजेला आण्णांना ओवाळलं आणि मग ते दरवर्षीचंच होऊन गेलं. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. गाजर, मेथी, कोथिंबीर आणि मुळे यांच्यावर तिचं चालायचं. येताना पदरात काहीतरी घेऊन यायची आणि दारातूनच ओरडायची, "वैनी, चुलीवर काय हाय? हाय ते वाढा, मला जायाचंय." आणि मग दिवे लागेपर्यंत हलायची नाही.

मी चित्रं काढायला लागले याचं खापर घरच्यांनी कंपनीच्या भिंतीवर फोडलं. लहानपणी त्या भिंतीवर मी कोळशाने इतकं रेखाटलं होतं, की वॉचमन आण्णांकडे तक्रार घेऊन आला होता. मॅट्रिक झाल्यावर पुण्यात चित्रकलेच्या वर्गात माझं नाव घातलं तेव्हा भावकीत हसं झालं. पोरीला शिवणकाम सोडून हे काय, असं सगळे म्हणाले. आण्णा म्हणाले, "माझ्या अंगाला रंग लागतो त्यो फुकट जातो. तिच्या हाताला लागंल त्यो तरी कामी येऊ द्या." सोनाआत्येनेही त्यांची बाजू घेतली. तिला चित्रकला म्हणजे बैलगाडीवर मोर काढतात तेवढीच ठाऊक होती, पण भावाचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता.

वर्गात मी दोन वर्षं इमानाने डोंगर, झोपडी आणि नारळाची झाडं काढली. आमच्या भागात नारळ औषधालाही नव्हता, पण निसर्गचित्र म्हटलं की तो हवाच, अशी माझी समजूत. आमचे गाडे सर सिगरेट विझवता विझवता चित्रासमोर उभे राहत आणि म्हणत, "छान. कुठल्या कॅलेंडरवरून?" एकदा मी रडायला लागले तेव्हा ते जरा मऊ झाले. म्हणाले, "तुझ्या घरातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं ते सांग." मी म्हटलं, नाला. "कसला रंग?" मी म्हटलं, रोज वेगळा. मग त्यांनी मला एक तास बसवून घेतलं. झाड झाडासारखं दिसलं पाहिजे असं नाही, पाण्याला काठ दाखवलाच पाहिजे असं नाही, रंगाशेजारी रंग ठेवून बघ, असं सांगितलं. पर्यावरण हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सर म्हणाले, नद्या मरायला लागल्यात आणि आपली मंडळी अजून कमळं काढत बसलीत.

मला तर घबाडच सापडलं. कंपनीचा नाला पुलाच्या अलीकडे नदीला मिळायचा. तिथे आधी एक जाड रंगीत पट्टा काठाकाठाने सरके, मग फाटे, त्याच्या दशा निघत आणि हिरवट पाण्यात ते सगळं इतकं सुरेख मिसळे की बघत राहावं. मी पुलाच्या कठड्याला फळी टेकवून तासन्‌तास बसायला लागले. घरी येऊन मोठ्या कागदावर नुसते पट्टे, डाग, ओघळ. आई म्हणाली, सांडलंय का गं काही? पण गाडे सरांनी ती चित्रं भिंतीवर लावली आणि मुलांना बोलावून दाखवली. मी नदीच्या बाजूने लढते आहे असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आज विचाराल तर मी नदीला बघतच नव्हते, मी रंग बघत होते. या दोन्हींत फरक असतो हे शिकायला मला जी किंमत पडली ती माझ्या खिशातून गेली नाही, हेच तर दुखणं आहे.

रंगाचं खराब पाणी आधी सिमेंटच्या टाकीत साठे. ती टाकी भरली की चाक फिरवून पाणी नाल्यात सोडायचं आणि त्या चाकावर आण्णा होते. ते कधी सोडलं जातं याचं कंपनीला काही नव्हतं, पण आण्णांचा स्वतःचा एक शिरस्ता होता. सकाळी नदीवर बायका भाजी धुवायला उतरत. आण्णा भिंतीवरून डोकावून बघत. बायकांच्या पाट्या वर गेल्या, पाणी मोकळं झालं, की मगच दुपारी चाक फिरवत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कधी कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं. काठावरच्या बायका बिनधास्त पाण्यात उतरायच्या, कारण टाकीवर आपला माणूस आहे.

मी चित्रं काढते म्हटल्यावर आण्णांनी एक नवंच सुरू केलं. डबा घेऊन आत आले की चप्पल काढता काढता सांगायचे, "कुंदे, उद्या हिरवा हाय बरं का." किंवा, "परवा लाल. पर फिका, तुला आवडायचा न्हाई." ज्या कामाबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता, ते काम त्यांना पहिल्यांदाच कुणासाठी तरी करण्याजोगं वाटत होतं. मलाही ते गुपित फार आवडायचं. बाप आणि लेक मिळून नदी रंगवतोय असं काहीतरी वाटायचं, आणि ते किती भयंकर होतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. दुपारचं ऊन डोक्यावर असल्यामुळे पाण्यावर नुसती चकाकी येई आणि रंग मरे. मला सकाळचं तिरपं ऊन हवं होतं. आण्णा म्हणाले, जांभळा साठतोय, मोठा लॉट आहे. मी म्हटलं, "रविवारी सकाळी सोडाल का? माझ्यासाठी एकदाच." ते घास हातात धरून विचार करत राहिले. मग म्हणाले, "रविवारी बाजार नसतो. बाया न्हाई उतरायच्या. साहेब बी नसतो. सोडू." आणि माझ्याकडे बघून हसले.

तो रविवार संक्रांतीच्या आधीचा होता. दुसऱ्या दिवशी भोगी. भोगीच्या भाजीला गाजर घरोघरी लागतं, म्हणून त्या एका आठवड्यात बायका वाराची पर्वा न करता आदल्या दिवशीच गाजरं धुवून ठेवतात. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माझ्या वडिलांना हे कुणी सांगायला नको होतं, पण कंपनीत गेल्यापासून सण त्यांना सुट्टीपुरतेच आठवत. आणि मी? मी घरातून निघाले तेव्हा आई ओट्यावर तीळ निवडत बसली होती. तिचं ताट ओलांडून मी बाहेर पडले.

पुलावर पोचले तेव्हा थंडी होती आणि पाण्यावर वाफ होती. खाली सहा-सात बायका नदीत उभ्या होत्या. गाजरं धुताना हाताने चोळत बसत नाहीत. उथळ पाण्यात ढीग ओततात आणि त्यावर उभं राहून पायांनी मळतात, एकमेकींचे खांदे धरून, गप्पा मारत. माती सुटते, साली घासल्या जातात, पायांचीही साल निघते. सोनाआत्या मधोमध होती. तिचा आवाज पुलापर्यंत येत होता, कुणाच्यातरी सुनेची फजिती ती रंगवून सांगत होती. आता भिंतीवरून आण्णा डोकावतील, बायका दिसतील आणि थांबतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला थोडं वाईटच वाटलं, की आजची सकाळ फुकट गेली. पण आण्णांनी त्या दिवशी डोकावलं नव्हतं. रविवारी कोण असणार?

जांभळा आला. नाल्याच्या तोंडातून तो असा भरघोस आला की मी तसा त्याआधी पाहिला नव्हता. काठाकाठाने सरकत तो खाली निघाला आणि खाली पाण्यात ओली गाजरं उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. जांभळा त्यांच्याकडे चालला होता. हाक मारायला वेळ होता. मी हाक मारली, पण आधी मी कुंचला बुडवला आणि कागदावर एक लांब पट्टा ओढला, कारण तो रंग तसाच्या तसा पुन्हा मिळणार नव्हता. मग ओरडले, "आत्या, बाहेर या! पाणी आलंय!" तोवर त्यांच्या पायांत ते शिरलं होतं. एकीने किंकाळी फोडली. साली निघालेल्या पायांना ते पाणी लागलं असणार. बायका ढीग उचलायला वाकल्या, म्हणजे हातही त्यात गेले. आख्खी रास जांभळी झाली. मी फळी तिथेच टाकून खाली धावले, पण धावून करायचं तरी काय होतं?

सोनाआत्येच्या पायांना घोट्यापर्यंत फोड आले. ते फुटले, चिघळले, उन्हाळ्यापर्यंत ती धड चालू शकली नाही. गाजरं उकिरड्यावर गेली. दुसऱ्या दिवशी, भोगीला, बायका कंपनीच्या फाटकावर जाऊन बसल्या. सोनाआत्येला त्यांनी हातगाडीवरून नेलं होतं. कुणीतरी म्हणालं, टाकीवर तर तुझाच भाऊ आहे. त्यावर ती भडकली. आई तिथे होती, तिने घरी येऊन सांगितलं. "माझा भाऊ असं करनार न्हाई," आत्या म्हणाली. "इतकी वर्सं त्यो वाट बघून पानी सोडतोय. दुसऱ्या कुनाचं तरी काम हाय हे. भावाचं नाव काढाल तर बघा." आण्णा भिंतीच्या आत, चाकापाशी उभे राहून हे ऐकत होते.

संध्याकाळी ते कपडे न बदलता तिच्याकडे गेले. मीही मागे गेले. ती बाजेवर पाय पसरून बसली होती, पायांना हळदीचा लेप होता आणि लेपाखाली जांभळं दिसत होतं. आण्णा उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "सोने, म्याच सोडलं पानी. डोळा लागला माझा. जाग आली तवा दुपार झाली असं वाटलं." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते खाली बघून बोलले. मी त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेल. पण आण्णांनी मागे न बघता हात माझ्या दिशेने केला, गप्प, अशा अर्थाने, आणि मी ते फार पटकन मानलं. सोनाआत्येने त्यांच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जावा आता." संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला आली नाही. पाय बरे झाल्यावरही आली नाही. रस्त्यात दिसली तर आईशी बोलायची, आण्णांशी नाही.

आण्णांनी त्यानंतर मला कुठलाही रंग सांगितला नाही. घरी येत, डबा ठेवत, हात धूत. मी ते चित्र मात्र पूर्ण केलं. फाडून टाकायला घेतलं होतं आणि फाडवलं नाही, कारण ते चांगलं झालं होतं. प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. नदीची वेदना वगैरे शब्द भाषणात आले. आण्णा धुतलेला सदरा घालून पुण्याला आले होते. ते चित्रापुढे उभे राहिले, आडवा लांब जांभळा, त्याखाली शेंदरी ठिपके. विचारलं, "रविवारचं?" मी मान हलवली. "चांगलं हाय," म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. परतीच्या बसमध्ये ते पिंपरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

मला आता वेगवेगळ्या ठिकाणी बोलावतात. शाल देतात, नारळ देतात (तो माझा जुना नारळ), आणि निवेदन करणारी एखादी मुलगी सांगते, की नदीच्या प्रश्नावर सर्वांत आधी कुंचला उचलला तो ताईंनी. आधी उचलला हे खरंच आहे. मी खुर्चीत बसून शालीचे गोंडे मोजते.

त्याच वर्षीची दिवाळी आली तेव्हा मला ते सोसेना. वसुबारसेच्या दिवशी मी एकटी सोनाआत्येकडे गेले. ती अंगण शेणाने सारवत होती. मी तिला सगळं सांगितलं. मी मागितलं होतं, माझ्यासाठी सोडलं, आण्णा झोपले नव्हते. ती सारवतच राहिली. एक कोपरा पूर्ण झाल्यावर हात झटकून म्हणाली, "मला काय नवीन सांगतीस? माझा भाऊ कामावर कधी झोपला न्हाई. त्यो खोटं बोलला तवाच मला कळलं, की ह्ये पोरीसाठी हाय."

"मग तुम्ही त्यांच्याशी का बोलत नाही?"

"त्यो माझ्याशी खोटं बोलला म्हनून. पानी सोडलं त्याचं एवढं न्हाई. इचारलं असतं तर म्हनाले असते, सोड बाबा, आमी उद्या धुतो." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "अन् तुझं सांगू? पाय भाजला तवा मी वर बघितलं. तू पुलावर हुतीस. तू खाली बघत हुतीस, पर आमच्याकडं न्हाई. पान्याकडं."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिने हाताने थांबवलं. "रडू नगंस इथं. भाऊबीजेला मी येते. तेला सांगू नगंस, की तू माझ्याकडं आलीस. पोरीला वाचवली असं वाटतंय तेला, तर वाटू दे."

भाऊबीजेला ती आली. दारातून ओरडली नाही, पण आली. आण्णा पाटावर बसले. तिने ओवाळलं, त्यांनी तिच्या ताटात लुगडं ठेवलं, आणि आपल्या झोपेची माफी मिळाली असं समजून माझे वडील इतके खूश झाले की सारखे हसत होते, आईला आणखी करंज्या आण म्हणून सांगत होते. मी वाढायला होते. सोनाआत्या आईशी बोलली, आण्णांशी बोलली. निघायच्या वेळी मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. मी तशीच वाकलेली राहिले. आण्णांना वाटलं ती लाजतेय. ते मोठ्याने हसून म्हणाले, "अगं सोने, आशीर्वाद दे की पोरीला! बक्षीस मिळवलंय तिनं!"

ती क्षणभर त्यांच्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांच्यासाठी ठेवला होता, आणि त्यांना कळू नये म्हणून मी तो घेतला.